आकाशातील धूळ आणि एक मराठी ज्योतिर्विद

(आकाशवाणीवरील भाषण)

धूळ या शब्दाला आपल्या भाषेत फारसा मान नाही. शत्रूला धूळ चारावयाची, लबाडाने लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकावयाची, गर्विष्ठाचे मनोरथ धुळीस मिळावयाचे, असेच तिचे उल्लेख आपण करीत आलो आहोत. अपवाद दोनच. एक संतसज्जनांची चरणधूळ आणि दुसरा, सायंकाळी गुरे रानातून परत येताना जिच्यामुळे पश्चिमेचे आकाश तांबूस होते ती गोरज. खगोलशास्त्रज्ञांनीही कित्येक शतके धुळीची अशीच उपेक्षा केली. ताऱ्यांचा प्रकाश अडविणारी एक कटकट, एवढीच त्यांच्या लेखी तिची योग्यता होती. पुढे याच धुळीने विश्वाच्या उत्पत्तीविषयीच्या एका मोठ्या वादात साक्षीदार म्हणून उभे राहावे, आणि तिला साक्षीला बोलावणारा पुरुष आपल्या मराठी भाषेचा असावा, हा योग विचार करण्यासारखा आहे. त्या धुळीविषयी आणि त्या पुरुषाविषयी, म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांच्याविषयी, आज मला थोडे सांगावयाचे आहे.

ही धूळ पाहावयाची तर तिच्यासाठी वेधशाळेत जावे लागत नाही. नागपूर–छिंदवाडा रस्त्यावर सौंसरजवळ आपली जामसांवली आहे. पिंपळाखाली पहुडलेल्या हनुमंताच्या दर्शनाला दूरदूरचे लोक येथे येतात. देवस्थानाच्या दिव्यांपासून थोडे दूर, संत्र्याच्या बागांपलीकडे, आश्विन-कार्तिकातील अमावास्येच्या सुमारास रात्री आठ वाजता उभे राहावे. माथ्याजवळ राजहंस तारकासमूहातील हंस हा तेजस्वी तारा दिसेल. तेथून आकाशगंगेचा दुधट पट्टा नैर्ऋत्येकडे उतरत जातो. नीट पाहिले असता असे ध्यानात येते की हंसापासून श्रवण नक्षत्राजवळून धनू राशीकडे जाताना हा पट्टा मधोमध चिरला गेला असून दोन प्रवाहांमध्ये एक काळी पट्टी राहिली आहे. त्या काळ्या पट्टीत तारे नाहीत असा आपला सहज समज होतो. वस्तुतः तारे तेथेही आहेत, आणि विपुल आहेत. आपल्यामध्ये आणि त्यांच्यामध्ये धुळीचा पडदा आहे, म्हणून ते आपणांस दिसत नाहीत.

हे कळावयास फार काळ लागला. विल्यम हर्शेल हा केवढा मोठा निरीक्षक! परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीस वृश्चिक राशीच्या भागात असा एक काळा डाग त्याला दिसला, तेव्हा आकाशाला तेथे भोक पडले आहे असेच त्याला वाटले. पुढे अमेरिकेत बर्नार्ड याने छायाचित्रांच्या साह्याने अशा डागांची मोजदाद केली व 1919 मध्ये त्यांची यादी प्रसिद्ध केली. अखेर 1930 साली कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत काम करणाऱ्या ट्रम्प्लर याने या प्रश्नाचा निकाल लावला. त्याची युक्ती साधी होती. त्याने ताऱ्यांच्या गुच्छांचे अंतर दोन रीतींनी काढले, एकदा गुच्छाच्या आकारावरून आणि एकदा त्याच्या तेजावरून. दूरचे गुच्छ आकारावरून काढलेल्या अंतराच्या मानाने नेहमीच अधिक मंद भरले. शिवाय त्यांचा रंगही तांबूसपणाकडे झुकलेला आढळला. वाटेत काही तरी प्रकाश गिळीत आहे, आणि निळा प्रकाश अधिक गिळून तांबडा त्या मानाने सोडून देत आहे, हाच त्याचा अर्थ. आपल्या गोरजेच्या वेळी क्षितिजावर जे घडते, तेच ताऱ्यांमधील अवकाशात हजारो प्रकाशवर्षांच्या वाटेवर घडत असते.

ही धूळ किती विरळ असते याची कल्पना करणे अवघड आहे. एक हेक्टराचे, म्हणजे अडीच एकरांचे वावर घ्या आणि त्यावर शंभर मीटर उंचीपर्यंतची सारी जागा मोकळी आहे असे समजा. तेवढ्या प्रचंड जागेत ताऱ्यांमधील धुळीचा सरासरी एखादाच कण सापडेल, आणि त्या कणाचा व्यास मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका, म्हणजे चुलीच्या धुरातील कणासारखा. असे असूनही, आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे 26 हजार प्रकाशवर्षांची वाट चालून येणारा दृश्य प्रकाश इतका अडविला जातो की एक लाख कोटी भागांतील जेमतेम एक भाग आपल्यापर्यंत पोहोचतो. कण सूक्ष्म आणि विरळ खरे, परंतु वाट फार लांबची आहे.

ही धूळ केवळ अडवणूक करते असेही नाही. हायड्रोजनाचे अणू तिच्या थंड कणांवर एकत्र येतात व त्यांच्या जोड्या जमतात. धुळीच्या आश्रयाने वायूचे ढग थंड होऊन आकसतात आणि त्यांतून नवे तारे जन्मतात. ताऱ्याभोवती उरलेल्या धुळीचे कण एकमेकांना चिकटत जाऊन ग्रह बनतात. आपण ज्या काळ्या मातीत कापूस पेरतो त्या मातीचे मूळही असल्याच धुळीत आहे. हे कण कशाचे असावेत याविषयी प्रारंभी बर्फाची कल्पना प्रबळ होती. 1962 मध्ये केंब्रिज येथे फ्रेड हॉइल आणि त्यांचे कोलंबोहून आलेले तरुण शिष्य चंद्र विक्रमसिंघे यांनी ग्रॅफाइटाच्या, म्हणजे पेन्सिलीत असते त्या कार्बनाच्या कणांची कल्पना पुढे मांडली. आज वाळूच्या जातीचे सिलिकेट आणि कार्बन, असे दोन्ही प्रकारचे कण धुळीत असतात हे सर्वमान्य झाले आहे.

त्याच सुमारास हॉइल यांच्यापाशी आणखी एक विद्यार्थी संशोधन करीत होता. ते आपले नारळीकर. त्यांचा जन्म 19 जुलै 1938 रोजी कोल्हापूरला झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, आणि आई सुमती या संस्कृतच्या व्यासंगी. त्यामुळे मुलाचे बालपण काशीला गेले. घरी मराठी आणि शाळेत हिंदी, अशी त्यांची जडणघडण झाली. पांढुर्णा-सौंसरच्या घराघरांतून आजही मुले अशीच दोन भाषांत वाढत आहेत, म्हणून हा तपशील मी मुद्दाम सांगितला. 1957 मध्ये ते केंब्रिजला गेले, 1959 मध्ये रँग्लर झाले आणि 1963 मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. हॉइल यांच्याबरोबर त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा जो नवा सिद्धांत मांडला, त्यामुळे 1964 मध्ये त्यांचे नाव भारतात घरोघर पोहोचले, आणि 1965 मध्ये, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळाले.

आता ज्या वादात धूळ साक्षीदार ठरली तो वाद पाहू. विश्वाला आरंभ आहे काय, हा तो प्रश्न. विश्व प्रसरण पावत आहे हे सर्वांना मान्य होते. म्हणून बहुसंख्य शास्त्रज्ञ म्हणत की मागे मागे गेल्यास एका अतितप्त, अतिघन क्षणापाशी आपण पोहोचू, तो महास्फोट. याउलट 1948 मध्ये हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी असे प्रतिपादन केले की विश्व अनादि आहे. ते पसरत जाते तसतसे नवे द्रव्य निर्माण होत राहते, आणि म्हणून त्याचे एकंदर स्वरूप सदैव सारखेच राहते. नारळीकर या दुसऱ्या पक्षाचे. परंतु 1965 मध्ये पेन्झियास आणि विल्सन या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे एक मंद प्रारण सापडले. त्याचे तापमान केवल शून्याच्या वर अवघे पावणेतीन अंश, आणि लहरींची लांबी मुख्यतः एक-दोन मिलिमीटरच्या आसपास. महास्फोटाची ऊब थंड होत होत एवढीच उरली आहे, असा त्याचा अर्थ लावण्यात आला आणि बहुतेकांनी वाद संपला असे मानले.

नारळीकरांनी तसे मानले नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न असा होता: ही ऊब आरंभीच्या स्फोटाची नसून ताऱ्यांचीच असली तर? तारे अनंत काळ प्रकाश ओतीत आहेत. तो प्रकाश धुळीने शोषून घेतला आणि पुनःपुन्हा शोषून-सोडून त्याचे मंद उष्णतेत रूपांतर केले, तर परिणाम असाच दिसणार नाही काय? 1967 मध्ये त्यांनी आणि विक्रमसिंघे यांनी मिळून या दिशेचा लेख ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. जी धूळ आजवर निरीक्षणाच्या आड येत होती, तीच आता विश्वाची उष्णता सांभाळणारी म्हणून पुढे आली.

यात एक अडचण होती. नेहमीचे धूलिकण मिलिमीटरभर लांबीच्या लहरींच्या मानाने फार लहान असतात, त्यामुळे ते असल्या लहरी फारशा शोषू शकत नाहीत. यावर जो तोडगा काढण्यात आला तो रेडिओ ऐकणाऱ्यांना चटकन समजेल. ट्रान्झिस्टरला जी धातूची दांडी असते ती बारीक असते पण लांब असते, आणि म्हणूनच ती लांब लहरी पकडते. धुळीचे काही कण जर अशाच सळईच्या आकाराचे असतील, म्हणजे लांबीला सुमारे एक मिलिमीटर आणि जाडीला त्याच्या लाखाव्या भागाइतके, तर तेही या लहरी पकडतील आणि सोडतील. धातूची वाफ सावकाश निवविली म्हणजे अशा सूक्ष्म सळया बनतात, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. मोठ्या ताऱ्याचा स्फोट होतो तेव्हा लोखंडाची आणि कार्बनाची वाफ बाहेर फेकली जाते. ती निवताना तेथेही सळया बनाव्यात आणि दीर्घिकांच्या बाहेरच्या अवकाशात पसराव्यात, असे हे अनुमान होते. 1972 मध्ये नारळीकर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. तेथे बंगालमधून आलेले त्यांचे शिष्य नारायणचंद्र राणा यांनी याच धुळीचा विषय संशोधनासाठी घेतला.

1993 मध्ये हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी जुन्या सिद्धांताला नवे रूप दिले. या रूपात विश्व अनादिच आहे, परंतु ते सुमारे चार ते पाच हजार कोटी वर्षांच्या आवर्तनांनी फुगते आणि आकसते, आणि त्याबरोबर फार मोठ्या काळात एकंदरीने वाढत जाते. येथे त्यांच्या पक्षाचा सर्वांत भारी आकडा येतो. दृश्य द्रव्यात वजनाने सुमारे एक चतुर्थांश हेलियम आहे. हे सारे हेलियम ताऱ्यांच्या पोटातच तयार झाले असे धरले, तर त्या क्रियेत किती ऊर्जा बाहेर पडली असेल याचे गणित मांडता येते. ती सारी ऊर्जा धुळीने शोषून मंद उष्णतेच्या रूपात पसरविली असे धरल्यास तापमान येते सुमारे पावणेतीन अंश, म्हणजे प्रत्यक्ष मोजले गेले तेवढेच. हा योगायोग आहे, असे दुसरा पक्ष म्हणतो. तो योगायोग नसावा, असे नारळीकर म्हणत राहिले.

आता दुसऱ्या पक्षाचेही तितक्याच निष्ठेने सांगितले पाहिजे. कोबी या उपग्रहाने 1990 पासून दाखवून दिले की या प्रारणाचा वर्णपट आदर्श तप्त पदार्थाच्या वर्णपटाशी कमालीचा जुळतो. असंख्य ताऱ्यांच्या निरनिराळ्या प्रकाशातून, मध्ये धूळ घालून, इतका निर्दोष वर्णपट मिळविणे कठीण आहे. शिवाय धूळ एवढी दाट हवी की तिने प्रकाश शोषावा, आणि एवढी विरळही हवी की अतिदूरच्या दीर्घिका आपणांस त्याच लहरींमध्ये दिसाव्यात. हा तोल साधणे सोपे नाही. प्रारणाच्या तापमानात दिशेनुसार लाखात एक भाग इतके जे सूक्ष्म चढउतार सापडले, त्यांची ठेवण महास्फोटाच्या सिद्धांतातून सरळ निघते. नारळीकरांनी आपल्या मांडणीतून तिचे स्पष्टीकरण दिले खरे, पण ते थोड्यांनाच पटले. आज जगातील बहुतेक सर्व खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूचे आहेत, ही वस्तुस्थिती आहे.

तथापि धुळीला कमी लेखणाऱ्यांना तिने अधूनमधून चांगलाच धडा दिला आहे. मार्च 2014 मध्ये दक्षिण ध्रुवावरील ‘बायसेप’ दुर्बिणीवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले की विश्वाच्या पहिल्या क्षणातील गुरुत्वीय तरंगांची खूण आम्हांला सापडली. जगभर वृत्तपत्रांत मथळे झळकले. परंतु आपल्याच आकाशगंगेतील धूलिकण चुंबकीय क्षेत्रात एका दिशेने रांगेत राहतात आणि त्यांच्यापासून निघणाऱ्या प्रारणाला तसेच वळण लागते. 2015 च्या आरंभी, प्लँक उपग्रहाच्या मोजमापांशी ताडून पाहता, सापडलेली खूण या धुळीने समजावता येण्याजोगी ठरली आणि तो दावा मागे पडला. विश्वाचा आरंभ शोधणाऱ्याला प्रथम अंगणातील धुळीचा हिशेब द्यावा लागतो, एवढे यातून निश्चित झाले.

यानंतर जो प्रश्न उरतो तो विज्ञानाइतकाच माणसाच्या आयुष्याविषयीचा आहे. ज्या मतासाठी एखाद्याने आपली बुद्धी आणि हयातीतील बहुतेक उमेद खर्च केली, ते मत जगाने स्वीकारले नाही, तर त्या आयुष्याचे मोल काय करावयाचे? या प्रश्नाचे उत्तर मला पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेत सापडते. आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र हे तिचे पूर्ण नाव. नारळीकर 1988 मध्ये तिचे संस्थापक संचालक झाले आणि 2003 पर्यंत त्या पदावर राहिले. स्वतःच्या मताचा मठ स्थापन करण्याची ही केवढी संधी होती! पण घडले ते निराळेच. त्यांचे शिष्य थाणू पद्मनाभन हे महास्फोटाच्या चौकटीत काम करणारे नामांकित शास्त्रज्ञ झाले. 2001 मध्ये या गुरुशिष्यांनी मिळून एक विस्तृत समीक्षालेख लिहिला आणि त्यात रूढ सिद्धांत व त्याचे पर्याय हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पारखले. त्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर 2000 मध्ये, आयुकातील रघुनाथन श्रीआनंद यांनी दोन फ्रेंच सहकाऱ्यांसह अतिदूरच्या वायूच्या ढगाचे निरीक्षण करून प्राचीन काळी हे प्रारण किती तप्त होते ते मोजले. ते 6 ते 14 अंशांच्या दरम्यान भरले. महास्फोटाच्या सिद्धांताने सांगितलेला आकडा होता सुमारे 9. सर्वकाळ एकसारखे तापमान मानणाऱ्या मूळच्या स्थिर विश्वाला हे मोजमाप प्रतिकूल होते. नारळीकरांची नवी मांडणी आवर्तनांची असल्याने तिला ते बाधक नव्हते, ही गोष्ट वेगळी. परंतु आपल्या गुरूच्या जुन्या सिद्धांताला प्रतिकूल असा पुरावा आपण संचालक असलेल्या संस्थेतूनच निघावा, आणि त्यात कोणालाही विपरीत वाटू नये, ही गोष्ट आपल्याकडे नित्य घडणारी नव्हे.

मत कितीही अचाट असले तरी त्याला कसोटीवर घासावयाचे, हा त्यांचा स्वभाव आणखी एका ठिकाणी दिसतो. विक्रमसिंघे आणि हॉइल पुढे असे म्हणू लागले की अवकाशातील धुळीचे कित्येक कण म्हणजे वाळलेले जिवाणूच असावेत, आणि पृथ्वीवर जीव आला तोही तेथूनच. पुष्कळांनी ही कल्पना हसण्यावारी नेली. नारळीकरांनी मात्र भारतीय अवकाश संशोधन संघटनेच्या साह्याने हैदराबादहून 2001 आणि 2005 मध्ये मोठे फुगे सोडून 41 किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणविले. दुसऱ्या उड्डाणातील नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती आढळल्या. 2009 मध्ये त्या जाहीर झाल्या आणि त्यांतील एकीला हॉइल यांचे, तर दुसरीला आर्यभटाचे नाव देण्यात आले. ते जिवाणू अवकाशातून आले असे मात्र सिद्ध झाले नाही, आणि तसा दावा करण्यातही आला नाही. आर्यभटाच्या नावाची जात तर पुढे पृथ्वीवरील मातीतही सापडली. प्रश्न सुटला नाही, पण त्याचे उत्तर कोठे आणि कसे शोधावयाचे याची एक वाट पडली.

नारळीकरांनी मराठीत ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’ यांसारखी पुस्तके लिहिली, आणि 2021 मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. शाळकरी मुलांच्या प्रश्नांना ते आवर्जून उत्तरे देत. 20 मे 2025 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या धातूच्या सळया अवकाशात खरोखर आहेत की नाहीत, याचा निर्णय अधिक सूक्ष्म मोजमापांवर सोपवावयाचा आहे, आणि बहुमत आज ‘नाहीत’ याच बाजूचे आहे. पण रूढ सिद्धांताला विरोधकाच्या तोडीची उत्तरे द्यावी लागली, त्यासाठी अधिक काटेकोर निरीक्षणे करावी लागली, आणि त्यामुळे तो सिद्धांत आज अधिक भक्कम पायावर उभा आहे. यात विरोधकाचाही वाटा आहे. पुष्कळांच्या विरुद्ध एकट्याने बोलताना आवाज न चढविणे, आपला आकडा मांडून दुसऱ्याचा आकडा ऐकून घेणे आणि विरुद्ध मताच्या माणसाला आपल्याच घरात जागा देणे, हे त्यांनी आयुष्यभर केले. घरी मराठी आणि शाळेत हिंदी बोलणाऱ्या आपल्या भागातील मुलांनी त्यांच्याकडून एवढे जरी घेतले, तरी ते पुष्कळ झाले.